पहिल्या पाळीचा ड्रायव्हर

कोपरगाव,
२४ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर राग जरा बाजूला ठेव आणि आधी बातमी ऐक. लोखंड्या सापडला.

माझ्याबरोबर आयटीआयला असलेला चेतन तुला आठवत असेल. तो आता अर्ध्या कोपरगावात केबल चालवतो. मुंबईच्या कुणा दुकानदाराने त्याच्या गळ्यात जपानी कार्टूनच्या कॅसेटींचं एक खोकं मारलं. हे कोण बघणार म्हणून तो कपाळाला हात लावून बसला होता. मी वरचं चित्र पाहिलं आणि तिथेच खाली बसलो. दहा वर्षांपूर्वी छबूआत्याचे यजमान बोटीवरच्या नोकरीवरून येताना व्हीसीआर घेऊन आले होते, त्याच्याबरोबरच्या त्याच कॅसेटी. ते समुद्रकाठचं गाव, खाडीतून वर येणारी ती अक्राळविक्राळ यंत्रं, आणि त्यांना अडवायला उभा राहणारा आपला लोखंड्या, छातीत माणूस बसवलेला यंत्रमानव.

आता चित्र रंगीत आहे आणि खाली इंग्रजीत ओळी येतात. आणि ताई, लोखंड्या लाल आहे. आपला टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे आबा सांगतील तो रंग. वसाहतीतल्या कुणीतरी विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, निळाच आहे, दुसरा कुठला असणार. दहा वर्षं मी तो निळाच बघत होतो.

आबा कसे टीव्हीशेजारी उभे राहायचे ते आठवतं का? अंगात साखर कारखान्याची खाकी, एक हात अँटेनावर. जपानी कुणाला येत नव्हतं, म्हणून अख्ख्या कामगार वसाहतीला आबा गोष्ट सांगायचे. पांढऱ्या कोटातला म्हातारा म्हणजे चीफ इंजिनिअर. सारखी फोनवर बोलणारी पोरगी म्हणजे टाइम ऑफिसची रंगुबाई. भोंगा वाजला की म्हणायचे, बघा, आता पहिल्या पाळीचा ड्रायव्हर चढणार. मग काही भागांनंतर तो दिसेनासा झाला आणि तेच हेल्मेट घातलेला दुसराच कुणी आला, तेव्हा आबा म्हणाले, पहिल्याची पाळी संपली, तो गेला घरी झोपायला, हा दुसऱ्या पाळीचा. शेवटी रातपाळीचाही आला.

ड्युटीवरून येता येता चेतनच्या ऑफिसात थोडं थोडं बघतो. इंग्रजी वाचायला वेळ लागतो, मधे मधे डोळाही लागतो. ऊस उचलायच्या माझ्या क्रेनवरच्या दुसऱ्या माणसाची जागा अजून भरलेली नाही, त्यामुळे सध्या डबल ड्युटी चालू आहे. गळीत हंगामात हे चालायचंच. आबांना गावी कळवू नकोस. सगळं बघून झालं की मीच कॅसेटी घेऊन जाईन आणि त्यांना चकित करीन.

तुझा,
सम्राट


राजूर,
३ डिसेंबर १९९७

प्रिय सम्राट,
तुला व तुझ्या लोखंड्याला जयभीम.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला चौथीला काय शिकवलं ते मला आठवत नाही. मला तो पहिल्या पाळीचा ड्रायव्हर किती आवडायचा, हे तुला कुठे माहीत आहे. सडपातळ, गळ्यात मफलर, वर चढण्याआधी शिडीला एकदा हात लावणारा. मी आईला म्हटलं होतं, मला नवरा बघशील तर असाच बघ. आई म्हणाली, पाळीत काम करणाऱ्याला पोरगी द्यायची नाही, मी भोगते आहे तेवढं पुरे. हे तुझ्या दाजींना वाचून दाखवलेलं नाही.

तो घरी जाऊन काय करत असेल, याचा मी पुष्कळ विचार करायचे. त्याची बायको त्याला उठवत नसेल, पोरांना दारातूनच हाकलत असेल, आबा झोपले की आई आपल्याला हाकलायची तशी. आता भेटला तर माझा नमस्कार सांग.

आता दुसरं. तुझ्या ओळी उजवीकडे खाली घसरल्यात. एक वाक्य अर्ध्यावर सोडून तू दुसरं सुरू केलंस, मग ते खोडलंस. मी मास्तरीण आहे, वहीवरून पोरगं झोपलं होतं की नाही हे मला कळतं. डबल ड्युटी म्हणजे आठवड्यातून एकदा की रोज? सरळ सांग. नाताळात चार दिवस इकडे ये. भंडारदऱ्याला तेव्हा मुंबईची माणसं थंडी बघायला येतात, तू झोपायला ये.

तुझी ताई,
वृषाली


कोपरगाव,
२१ डिसेंबर १९९७

प्रिय ताई,

तुझा नमस्कार पोचवता येणार नाही. तो मेलेला आहे.

सातव्या भागात. लोखंड्या खाडीत गुडघ्यावर बसतो, त्याची छाती फाटलेली असते, आणि ती फोनवरची पोरगी त्याला हाक मारत राहते. आपल्याला ती तेव्हा नुसती बडबडताना दिसायची आणि आबा म्हणायचे, रंगुबाई हजेरी घेते आहे. ती म्हणत असते, उत्तर दे. पुन्हा, उत्तर दे. मग ती फोन खाली ठेवते. पुढच्या भागात दुसरा तेच हेल्मेट घालतो. आपल्याला वाटायचं हेल्मेट कारखान्याचं असेल, पाळीपाळीने वापरत असतील. तसं नाही. ते आतून पुसून त्याला देतात. त्या दुसऱ्याचे डोळे जातात. आणि आबांचा तो रातपाळीचा ड्रायव्हर कोण होता सांगू? हेल्मेटखाली ती फोनवरची पोरगीच. माणूसच उरत नाही म्हणून शेवटी तीच वर चढते.

कुणाचीही पाळी संपत नाही, ताई. कुणी घरी जात नाही.

मी टेप थांबवला आणि बसून राहिलो. चेतन म्हणाला, कार्टून बघून रडणारा क्रेनवाला पहिल्यांदा बघतोय. मला रडू नव्हतं येत, राग आला होता. आबांचा.

आमच्या यार्डातला नियम तुला माहीत आहे. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, शिडी चढून वर येतो, आपल्या हातावर हात ठेवतो, तेव्हा लिव्हर सोडायचा. तोवर भोंगा झाला काय नि न झाला काय. हे मला आबांनीच शिकवलं, मागचा माणूस आल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि मागचा माणूस येतोच, हे त्या गोष्टीतून शिकवलं. या हंगामात भोंगा होतो, मी खाली शिडीकडे बघतो आणि कुणी येत नाही. रोज. तू विचारलंस म्हणून सांगतो. सुपरवायझर म्हणतात, एवढा हंगाम काढ, कायम करायच्या यादीत तुझं नाव पहिलं घालतो. मग आणखी एक पाळी तिथेच.

नाताळात येणं जमणार नाही. काळजी करू नकोस. परवा उसाची मोळी जरा वेडीवाकडी पडली, एवढंच. विशेष काही नाही.

सम्राट


राजूर,
२८ डिसेंबर १९९७

प्रिय सम्राट,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. इतकी वर्षं जो माणूस माझ्या मनात सुखाने झोपला होता, त्याला तू एका ओळीत मारलंस.

पण आबांवर कशाला रागावतोस? त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार होतं? जपानी येत नाही, चित्र धुरकट, त्यात दिवसभर क्रेनवर बसून आलेले. भोंगा ऐकला की त्यांना पाळीच आठवणार. आपल्या वसाहतीतली एक म्हातारी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला जेवलीस का विचारायची, तशातलाच तो भोळेपणा. त्यांनी तुला फसवलं असं म्हणू नकोस. त्यांची स्वतःचीच समजूत तशी झाली असणार.

ते राहू दे. मोळी वेडीवाकडी पडली म्हणजे काय? क्रेनच्या साखळीला उसाची अख्खी गाडी लटकते, ती वेडीवाकडी पडते म्हणजे कुठे पडते? मी आबांची मुलगी आहे, मला विशेष काही नाही असं लिहू नकोस. खरं लिही. नाहीतर मी आबांना लिहिते.

तुझी ताई


कोपरगाव,
११ जानेवारी १९९८

ताई,

मला झोप लागली होती. डोळे उघडे होते असं वाटतं, पण मी तिथे नव्हतो. बैलगाडीवरची मोळी उचलली, ती ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीपर्यंत न्यायची होती, मधेच सोडली. रिकाम्या बैलगाडीवर पडली. गाडीचा चुरा झाला. ऊसतोडीला आलेली एक बाई बैल सोडून नुकतीच बाजूला झाली होती. केशरबाई नाव तिचं, पाथर्डीकडची.

लोक जमले, आरडाओरडा झाला. ती ओरडली नाही. वर केबिनकडे बघून तिने एवढंच विचारलं, "भाऊ, झोपला व्हता का?"

मी नाही म्हणालो.

कारखान्याने गाडीची भरपाई दिली, साखळीत दोष होता असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोन्ही पाळ्या केल्या. आता लिव्हरला हात लावला की ती बाई खाली उभी आहे असं वाटतं. जेवण जात नाही. मी थकलोय, ताई. नुसता अंगाने नाही.

आबांना लिहू नकोस, तुझ्या पाया पडतो. माझी जागा व्हावी म्हणून त्यांनी नोकरी राहिलेली असताना राजीनामा दिला. त्यांच्या नावावर मी इथे बसलोय. मी नाही म्हटलं तर कायम व्हायचं राहिलं, मग त्यांनी कशासाठी सोडली? हंगाम मार्चअखेर संपेल. तेवढं निभेल.

सम्राट


राजूर,
१७ जानेवारी १९९८

तीर्थरूप आबांस,
वृषालीचा जयभीम. आईलाही सांगा.

सम्राटने तुम्हाला सांगू नको म्हणून विनवलं आहे. तरी सांगते आहे, त्याचा राग मी सोसेन. त्याच्या क्रेनवर दुसरा माणूस नाही. हंगाम सुरू झाल्यापासून तो रोज दोन पाळ्या करतो आहे. त्याला केबिनमध्ये झोप लागली आणि मोळी खाली सुटली. एक बाई थोडक्यात वाचली. कायम होण्यासाठी तो हे करतो आहे, आणि तुम्ही त्याच्यासाठी नोकरी सोडलीत म्हणून नाही म्हणत नाही.

काय करावं हे मला सुचत नाही. मी शाळेतली बाई, यार्डातलं तुम्हालाच कळतं.

आणखी एक. त्याला लोखंड्याच्या कॅसेटी पुन्हा मिळाल्या. पहिल्या पाळीचा ड्रायव्हर घरी गेला नव्हता, मेला होता, हे त्याला आता कळलं. त्याला वाटतं तुम्ही खोटं सांगितलंत. मी त्याला म्हटलं, आबांना तेव्हा कळलं नसेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आपली,
वृषाली


नेवासे तालुका, गावाहून,
२ फेब्रुवारी १९९८

चि. वृषालीस,
आबाचा आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या बनुबाईची सून लिहून घेती हाय. मी तिला म्हनलं, मी बोलतो तसंच लिही, सुधरायला जाऊ नको.

तुजं पत्र मिळालं. तू लिवलंस का आबाला कळलं नसंल. पोरी, मला जपानी येत न्हाई हे खरं. पन मानूस मेलेला वळखायला भाषा कशाला लागती? त्या पोरीनं फोन खाली ठिवला तवाच मला कळलं हुतं. तुमची आई म्होरंच बसली हुती, सम्या तिच्या मांडीवर डोकं ठिवून. अर्धी वसाहत क्रेनवाल्यांची नि बॉयलरवाल्यांची. त्यांच्या बाया बसलेल्या. तिथं मी म्हननार व्हय, का वर चढलेला मानूस मेला? मी म्हनलं, पाळी संपली, घरी गेला झोपायला. तुमची आई हसली, मग सगळ्याच हसल्या. त्याला मी खोटं म्हनत न्हाई. व्हायला तसंच पायजे, म्हनून तसं सांगितलं.

(आबा इथं थांबलेत. चहा घेतायत. – सून)

आता म्होरचं. तुजं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यष्टीनं कोपरगावला गेलो. आईला सांगितलं, सम्याला भाकरी देऊन येतो. यार्डात मला सगळी वळखतात, कुनी आडवलं न्हाई. शिडी चढलो. गुडघे बोलत हुते, मधी मधी टेकत टेकत गेलो. केबिनचं दार उघडलं तर पोरगा लिव्हर धरून बसला हुता, डोळं उघडं नि बघत कुठंच न्हाई. मला लई वाईट वाटलं. त्याच्या हातावर हात ठिवला. म्हनलं, "उतर."

त्यो म्हनला, "आबा, तुमचं नाव मस्टरला न्हाई."

म्हनलं, "मला म्हाईत हाय. उतर."

त्यो उतरला. मी क्रेन चालवली न्हाई. बंद करून खुर्चीत बसून ऱ्हायलो. खाली गाड्यांची रांग लागली, गव्हान मोकळी फिराया लागली. सुपरवायझर आला, मोठं सायब आलं. लई बोलले. मी वरूनच म्हनलं, रिलिव्हर पाठवा, मंग उतरतो. तोवर एक मोळी हलनार न्हाई. त्यांनी मला पोलिसाची भीती घातली. मी म्हनलं, पोलीस क्रेन चालवतो का बघा. मंग वर्कशॉपमधनं एक मानूस काढून पाठवला. म्हंजे मानूस हुता, वृषे. इतकं दिस हुता.

त्यो वर आला, त्यानं माझ्या हातावर हात ठिवला, तवा मी उतरलो.

सायबानी सम्याला सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. त्याला घेऊन आलो. त्यो झोपलाय. मला जे कळलं ते केलं. त्याची नोकरी मीच लावली, मीच घालवली. तू रागावू नको.

तुजा आबा


नेवासे तालुका, गावाहून,
१ मार्च १९९८

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण मी झोपत होतो. जेवायला उठायचो, पुन्हा झोपायचो. आई दारात बसून कुणाला आत येऊ देत नव्हती. गल्लीतली कोंबडीसुद्धा हाकलायची.

तू आबांना लिहिलंस म्हणून मी आधी तुला शिव्या घातल्या. आता घालत नाही. कायम झालेल्यांची यादी लागली, चेतनने फोन करून सांगितलं. माझं नाव नाही. आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, दोघं एका ताटात जेवलो. मला बरं वाटतंय ताई, हेच मला खातंय. उद्या भोंग्याला उठायचं नाही म्हणून बरं वाटतं, आणि आबांच्या गुडघ्यांकडे बघवत नाही.

चेतन परवा आला, येताना व्हीसीआर आणि सगळ्या कॅसेटी घेऊन. म्हणाला, केबलवर नाही चालणार, तुम्हीच बघा. बनुबाईंकडे रंगीत टीव्ही आहे. संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमली, आणि कुणी न सांगता आबा उठून टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी गोष्ट सुरू केली. चीफ इंजिनिअर, रंगुबाई, पहिल्या पाळीचा ड्रायव्हर. लोक हसत होते. आबांचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, पण चढवत होते.

मी सातव्या भागाची वाट बघत होतो. लोखंड्या खाडीत बसला. ती पोरगी हाक मारायला लागली. तिने फोन ठेवला.  आबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.  ते तसेच उभे राहिले, एक हात टीव्हीवर ठेवून.

तेव्हा आई म्हणाली, "सांगा की. पाळी संपली, घरी गेला म्हना."

आबा म्हणाले, "सम्याला समदं कळलंय आता."

आई म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं."

ताई, सगळ्या लोकांत, टीव्ही चालू असताना. आबा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी विचारलं, मग हसलीस कशाला?  आईच्या पुढ्यात शेंगा होत्या, त्या सोलत राहिली. मग म्हणाली, "तुमची दुसऱ्या दिशी पहिली पाळी हुती. मी रडले असते तर तुमी चढला असता का?"

आबा खाली बसले. पुढचे भाग कुणी सांगितले नाहीत. लोकांनी तसेच बघितले आणि उठून गेले. मी ते इंग्रजी वाचून सांगू शकलो असतो, पण माझी हिंमत झाली नाही.

वसाहतीतल्या खोलीची किल्ली परत करायची आहे, भांडीकुंडी आणायची आहेत. उद्या, सोमवारी जायचं ठरलं. आबा आजच काठी घेऊन तयार होऊन बसले होते, साहेबांना भेटतो, पोराची चूक नव्हती म्हणून सांगतो म्हणाले. आईने काठी काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, "तुमी बसा. तुमची पाळी झाली आता. मी जाते त्याच्यासंगं."

तुझा,
सम्राट